प्रचंड हेलिकॉप्टर: इतकी वर्षं लागली, पण हातात नेमकं काय आलं?

गिरीवाट

गेल्या जूनमध्ये द्रासच्या युद्धस्मारकासमोर उभा होतो. शाळेत असताना बातम्यांत ऐकलेली तोलोलिंगची धार समोरच होती. स्मारकच मुळात पावणेअकरा हजार फुटांच्या आसपास आहे, चार पायऱ्या चढलं की धाप लागते. आणि धार तिथून आणखी हजारभर मीटर वर. मान मागे टाकून बघितलं तेव्हा 'उंचीवरचं युद्ध' म्हणजे काय ते पहिल्यांदा कळलं.

२८ मे १९९९ रोजी याच धारेवर हवाई दलाचं एमआय-१७ खांद्यावरून डागायच्या स्टिंगर क्षेपणास्त्रानं पाडलं गेलं. आतले चौघंही गेले: स्क्वाड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट मुहिलन, सार्जंट प्रसाद आणि सार्जंट साहू. एमआय-१७ हे मूळचं माणसं आणि सामान वाहणारं हेलिकॉप्टर. त्याला रॉकेटं बांधून पाठवावं लागलं, कारण हल्ल्यासाठीच बनवलेलं एमआय-३५ आपल्याकडे होतं, पण ते त्या उंचीवर लढू शकत नव्हतं. या घटनेनंतर एमआय-१७ हल्ल्याच्या कामातून मागे घेतली गेली.

तिथून 'प्रचंड' या देशी बनावटीच्या, हल्ल्याच्या हेलिकॉप्टरची गोष्ट सुरू होते असं म्हणतात. २००६ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं (एचएएल) प्रकल्प जाहीर केला, २९ मार्च २०१० ला बंगळुरूत पहिलं उड्डाण झालं आणि ३ ऑक्टोबर २०२२ ला जोधपूरला ते हवाई दलात दाखल झालं. कारगिलपासून मोजलं तर तेवीस वर्षं.

मला जाणकारांकडून समजून घ्यायचंय. एवढा वेळ का लागला? मधल्या काळात आपण हल्ल्याची अमेरिकन अपाचेही घेतली, मग दोन्ही कशाला? आणि स्मारकासमोर उभं असल्यापासून डोक्यातून न जाणारा प्रश्न: त्या दिवशी तोलोलिंगवर प्रचंड असतं, तर काही वेगळं घडलं असतं का?

पाटीलबुवा

धागा प्रचंड आवडला. बसतो इथेच.

चक्रधर

गिरीवाट, चांगला विषय काढलात. माझी चोवीस वर्षं हेलिकॉप्टरांच्या देखभालीत गेली, त्यातली बरीच लेहकडे. उशीर का झाला हे नंतर बघू. आधी एमआय-३५ वर का चालत नव्हतं ते समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप उलगडेल.

हेलिकॉप्टर हवा खाली ढकलून वर राहतं. पाच हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साठ टक्केच उरते. म्हणजे पात्यांना पकडायला हवा कमी आणि इंजिनाला जाळायलाही हवा कमी. दोन्हीकडून मार. अशा वेळी कामाला येतो तो पात्यांच्या चकतीचा आकार आणि तिच्यावर किती वजन लादलंय तो हिशोब. एमआय-१७ च्या पंख्याचा व्यास एकवीस मीटरच्या वर, एमआय-३५ चा सव्वासतरा. दोघांची इंजिनं एकाच घराण्यातली, वजनंही फार लांब नाहीत. पण एमआय-१७ मध्ये चकतीच्या दर चौरस मीटरवर पूर्ण भारात साधारण ३६ किलो येतात, एमआय-३५ मध्ये पन्नासच्या आसपास. वर चिलखत, वर आठ माणसं बसवायची खोली. मैदानात तो हत्ती आहे, श्रीलंकेत शांतिसेनेबरोबर त्याच्या आधीच्या एमआय-२५ नं चांगलं काम केलं. पण द्रासला हत्ती कड्यावर चढत नाही.

आता प्रचंड बघा. जास्तीत जास्त वजन ५.८ टन, पंख्याचा व्यास सव्वातेरा मीटर. दर चौरस मीटरला ४२ किलो. प्रत्येक टनामागे इंजिनाची ताकद मात्र एमआय-३५ च्या सव्वापट. सगळी गंमत याच दोन आकड्यांत आहे.

लेहला सकाळी आमचं पहिलं काम काय असायचं? वजन. सियाचिनच्या वरच्या चौक्यांना चीता हे छोटं हेलिकॉप्टर निघायचं तेव्हा रॉकेलचा एक कॅन न्यायचा की दोन, यावर चर्चा व्हायची. इंधन लिटरांत मोजून भरायचं, कारण जास्त भरलं तर वर उतरताना तेच अंगावर येतं. नको असलेली वस्तू काढून हँगरच्या भिंतीला लावून ठेवायची. तिथे ज्यानं काम केलंय त्याला 'शंभर किलो कमी' हे शब्द ऐकले की बरं वाटतं.

अटकेपार

चक्रधरकाका, मान्य. पण पंख्यावरचा भार हे एकच माप लावलं तर एमआय-१७ सगळ्यांत श्रेष्ठ ठरेल! अपाचेचं वजन दहा टनांच्या वर, दर चौरस मीटरला साठ किलोच्या पुढे, तरीही जगातले सगळे त्याच्यामागे धावतात. का? सोळा हेलफायर क्षेपणास्त्रं, ३० मिमीची तोफ आणि पंख्याच्या डोक्यावर बसलेलं लाँगबो रडार. टेकडीआड लपून नुसतं डोकं वर काढायचं, लक्ष्यं टिपायची, परत खाली.

१७ जानेवारी १९९१ ला आखाती युद्धाचा पहिला घाव अपाचेंनीच घातला होता, इराकी रडार ठाणी उडवून. हवाई दलाची २२ अपाचे आहेत, ३ सप्टेंबर २०१९ ला पठाणकोटला पहिली आठ दाखल झाली. लष्करानं सहा वेगळी मागवली, त्यातली पहिली तीन जुलै २०२५ मध्ये आली. वाळवंटात रणगाड्यांच्या लाटेसमोर मला अपाचेच हवं.

चक्रधर

वाळवंटात मलाही. माझं म्हणणं डोंगरापुरतंच आहे.

इतिहासाचा_नाद

अटकेपार, तुम्ही १९९१ सांगितलंत, मी १९९९ सांगतो. तोही त्याच उन्हाळ्यातला.

कोसोवोच्या युद्धासाठी अमेरिकेनं २४ अपाचे अल्बानियात नेली. टास्क फोर्स हॉक म्हणून ओळखली जाते ती मोहीम. समोर डोंगर, दऱ्यांत खांद्यावरून डागायची क्षेपणास्त्रं घेऊन बसलेली माणसं, रात्रीची उड्डाणं. सरावातच दोन अपाचे कोसळली, दोन वैमानिक गेले. आणि शेवटी युद्ध संपेपर्यंत एकही अपाचे प्रत्यक्ष हल्ल्यासाठी पाठवलं गेलं नाही. तारखा बघा: तिथले अपघात २६ एप्रिल आणि ५ मे १९९९ चे, आपलं एमआय-१७ पडलं २८ मे ला. डोंगर आणि खांद्यावरचं क्षेपणास्त्र या जोडीनं एकाच महिन्याच्या अंतरानं जगातल्या दोन टोकांना हेलिकॉप्टरांना अडवलं.

आणि २४ मार्च २००३ चं करबला. तीसेक अपाचे रात्री गेली, गावांतून, गच्च्यांवरून साध्या बंदुकांचा मारा झाला. एक खाली आलं, वैमानिक कैद झाले, उरलेली जवळजवळ सगळी भोकं घेऊन परतली. यंत्र दणकट म्हणून परतली, हे श्रेय अपाचेला द्यायलाच हवं. पण एकेकट्या हेलिकॉप्टरांच्या जोरावर खोलवर घुसायची कल्पना तिथे मोडली.

मैत्रेयी_क

उशिराबद्दल लिहिते. माझं शिक्षण आणि काम याच क्षेत्रातलं, पण लिहितेय ते सगळं जाहीर माहितीवरून.

२००६ ही सुरुवात धरू नका. प्रचंडचं खरं मूळ एचएएलच्याच ध्रुव हेलिकॉप्टरमध्ये आहे आणि ध्रुवचं पहिलं उड्डाण २० ऑगस्ट १९९२ चं. ध्रुवचा बिजागरी नसलेला पंखा, संमिश्र तंतूंची पाती, गिअरबॉक्स, शेपटीकडे जाणारा शाफ्ट, हे सगळं प्रचंडनं वारशात घेतलं. शस्त्रं लावलेलं ध्रुव म्हणजे रुद्र. प्रचंडमध्ये मात्र अंग पूर्ण नवं: अरुंद, दोघं एकामागे एक बसलेले, समोरून दिसणारी रुंदी कमी, बाजूचे पत्रे असे कललेले की रडारची लाट सरळ परत जाऊ नये.

ध्रुवच्या सुरुवातीच्या इंजिनाला उंचीवर दम कमी पडायचा. म्हणून फ्रेंच टर्बोमेका, म्हणजे आजचं साफ्रान, आणि एचएएल यांनी मिळून शक्ती इंजिन केलं. प्रचंडमध्ये अशी दोन आहेत, प्रत्येकी हजार किलोवॉटच्या थोडं वर. हे इंजिन नसतं तर प्रचंड कागदावरच राहिलं असतं.

इंजिनाचं महत्त्व किती, याचं शेजारचं उदाहरण. चीनच्या झेड-१० या हल्ल्याच्या हेलिकॉप्टरच्या सुरुवातीच्या नमुन्यांत कॅनडातलं प्रॅट अँड व्हिटनीचं इंजिन होतं. त्यासाठीचं सॉफ्टवेअर नियम मोडून दिल्याबद्दल त्या कंपनीच्या समूहाला २०१२ मध्ये अमेरिकेत साडेसात कोटी डॉलरचा भुर्दंड बसला. ते इंजिन बंद झाल्यावर चीनला आपल्याच कमी ताकदीच्या इंजिनावर भागवावं लागलं.

मग वजनाचं दुखणं. २०१० चा पहिला नमुना ठरवल्यापेक्षा जड भरला. असं होतंच, कारण प्रत्येक विभाग आपापला खोका 'फक्त दोन किलो जास्त' म्हणून देतो. दुसरा नमुना जून २०११ मध्ये उडाला तो हलका करून, तिसरा नोव्हेंबर २०१४, चौथा डिसेंबर २०१५. वजन उतरवणं हे भात शिजवण्यासारखं नाही की आच वाढवली आणि झालं. एक कंस पातळ केला की त्याची ताकद पुन्हा तपासायची, कंपनं पुन्हा मोजायची, उड्डाणं पुन्हा करायची. त्यात वर्षं जातात आणि ती जाऊ द्यावीच लागतात.

२०१५ च्या हिवाळ्यात लेहकडे थंडीच्या चाचण्या झाल्या. रात्रभर उणे १८ अंशांत, ४.१ किलोमीटर उंचीवर उघड्यावर ठेवलेलं हेलिकॉप्टर सकाळी फक्त स्वतःच्या बॅटरीवर सुरू केलं. बाहेरून वीज नाही. मला या चाचणीचं सगळ्यांत जास्त कौतुक वाटतं. त्याच वर्षी जूनमध्ये जोधपूरच्या उन्हात चाचण्या, आणि पुढे सियाचिन भागात १५,८०० फुटांपर्यंतच्या हेलिपॅडवर उतरून दाखवलं.

चक्रधर

मैत्रेयी, बॅटरीवर सुरू होण्याचं लिहिलंस ते वाचून अंगावर काटा आला. पहाटे चार वाजता बॅटरी उबदार राहावी म्हणून खोलीत, शेकोटीजवळ ठेवणारी पोरं मी पाहिलीत. रात्री काढून आणायची, पहाटे परत बसवायची, आणि बोटं अशी गारठलेली की नट हातात आहे की नाही ते कळायचं नाही. बॅटरी जागेवर ठेवून यंत्र सुरू होणं म्हणजे काय, ते त्या पोरांना विचार.

रणदुंदुभी

सगळं वाचलं. कौतुक रास्त आहे, पण थोडं थंड डोक्यानं बघू.

हल्ल्याच्या हेलिकॉप्टरचं मुख्य हत्यार लांबून मारणारं रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र. २०२२ मध्ये प्रचंड दाखल झालं ते त्याच्याविनाच. तोफ २० मिमीची, फ्रेंच. ७० मिमीची रॉकेटं बेल्जियन. हवेतून हवेत मारणारं मिस्ट्राल फ्रेंच, जानेवारी २०१९ मध्ये चांदीपूरला त्याची चाचणी झाली. हे सगळं जवळून मारायचं सामान आहे. आपलं हेलिना हे रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र सात किलोमीटर मारतं, एप्रिल २०२२ मध्ये पोखरणला आणि नंतर उंचीवर ध्रुववरून यशस्वी चाचण्या झाल्या. म्हणजे क्षेपणास्त्र तयार होत होतं, हेलिकॉप्टरही तयार होत होतं, आणि दोघांचं लग्न मात्र लागत नव्हतं. ही नियोजनातली चूक आहे आणि ती चूक म्हणूनच बोलली पाहिजे.

दुसरं, पैसे. मार्च २०२२ मध्ये १५ हेलिकॉप्टरांना ३,८८७ कोटी मंजूर झाले, म्हणजे एकाला साधारण २५९ कोटी. २८ मार्च २०२५ ला १५६ चा करार झाला तो ६२,७०० कोटींचा, म्हणजे एकाला ४०० च्या वर. संख्या दहापट वाढली तर किंमत उतरायला हवी ना?

मैत्रेयी_क

रणदुंदुभी, क्षेपणास्त्राबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत.

किमतीबद्दल मात्र हे दोन आकडे असे शेजारी ठेवून चालणार नाहीत. २०२५ च्या करारात नुसती हेलिकॉप्टरं नाहीत, प्रशिक्षण आणि सोबतची उपकरणंही आहेत. पुरवठा तिसऱ्या वर्षापासून सुरू होऊन पुढची पाच वर्षं चालणार आहे, तेव्हाची महागाई त्यात धरलेली असते. १५६ पैकी ९० लष्कराची, ६६ हवाई दलाची. बंगळुरू आणि तुमकुरू दोन्हीकडे बनणार.

आणि 'सगळं परकीय' हेही पूर्ण खरं नाही. पहिल्या पंधरांत मूल्यानं ४५ टक्के भाग देशी होता. नव्या करारात ६५ टक्क्यांच्या वर न्यायचं आहे, अडीचशेच्या वर देशी कंपन्या, बहुतेक लघु आणि मध्यम उद्योग, त्यात गुंतणार आहेत. पात्यांचा साचा, गिअरचे दात, वायरिंगचे जुडगे, हे जिथे बनतं तिथे माणसं तयार होतात. ती माणसं पुढच्या यंत्रालाही उपयोगी पडतात.

शब्दवेल्हाळ

थोडं अवांतर. नावाबद्दल कुणी बोललं नाही अजून.

मराठीत आपण 'प्रचंड' म्हणजे 'अवाढव्य' या अर्थानं वापरतो: प्रचंड गर्दी, प्रचंड पाऊस. त्यामुळे नाव ऐकून माझ्या भाचीला वाटलं हे सगळ्यांत मोठं हेलिकॉप्टर असणार. आणि निघालं काय, तर अपाचे, एमआय-३५ या सगळ्यांत लहान! पण शब्दाच्या मुळात आकार नाहीच. 'चंड' म्हणजे उग्र, तापलेला, भयंकर. चंडी त्यातलीच, आणि 'प्र' लागून ते आणखी तीव्र होतं. नाव दिलं तो ३ ऑक्टोबर २०२२ चा दिवस नवरात्रातल्या अष्टमीचा होता. त्या दिवशी हे नाव फार शोभलं. जोधपूरच्या त्या युनिटचं नावही छान आहे: १४३ हेलिकॉप्टर युनिट, 'धनुष'.

पाटीलबुवा

शब्दवेल्हाळ, मूर्ती लहान पण कीर्ती प्रचंड!

उमा_नाशिक

मी इथे फारसं लिहीत नाही. माझा मुलगा लष्कराच्या हवाई शाखेत आहे. कुठे, काय, ते लिहिणार नाही, तुम्ही समजून घ्याल.

आमच्या नाशिकलाच, गांधीनगरच्या तळावर, ही मुलं हेलिकॉप्टर चालवायला शिकतात. लहानपणापासून त्याला गच्चीवरून ती बघायचं वेड. आवाजावरून ओळखायचा कुठलं आहे ते, आणि मी पोळ्या लाटत 'जेवायला ये आधी' म्हणायचे. मग एक दिवस त्याच मैदानावर त्याच्या छातीवर पंख लागले. संचलन संपल्यावर मुलं धावत आईवडिलांकडे आली तेव्हा त्याच्या गणवेशाला इस्त्रीचा आणि घामाचा असा एकत्र वास येत होता, तो मला अजून आठवतो.

माझा प्रश्न साधा आहे. ५ जानेवारी २०२५ ला पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव पडलं, तिघं गेले, आणि मग ध्रुवचा सगळा ताफा कितीतरी महिने जमिनीवर होता. तुम्ही म्हणता प्रचंडचा पंखा, गिअरबॉक्स त्याच घराण्यातला. मग आईनं काय समजायचं?

चक्रधर

उमाताई, तुम्ही विचारलंत, हे बरं केलंत. मोकळेपणानं सांगतो.

पोरबंदरच्या अपघातात स्वॅशप्लेटच्या न फिरणाऱ्या भागातलं बेअरिंग तुटल्याचं समोर आलं. स्वॅशप्लेट म्हणजे वैमानिकाच्या हातातली हालचाल फिरत्या पात्यांपर्यंत नेणारी जोडचकती. खालची स्थिर, वरची फिरती, मध्ये बेअरिंग. ती गेली की वैमानिक कितीही कसलेला असो, त्याच्या हातात काही उरत नाही. म्हणून ताफा जमिनीवर ठेवला, ते योग्यच होतं. बाहेरच्या लोकांना वाटतं ही नामुष्की. आमच्या धंद्यात याला शहाणपण म्हणतात. उडत ठेवून आशेवर राहणं, ते वाईट.

एकाच घराण्याचे भाग असण्याला दोन बाजू आहेत. दोष निघाला तर सगळ्यांना तपासावं लागतं, हे खरं. पण ध्रुवच्या साडेतीनशेच्या घरातल्या ताफ्यानं केलेल्या उड्डाणांतून जे शिकायला मिळालं तेही प्रचंडला आयतं मिळतं. अगदी नव्या, कुणीच न वापरलेल्या गिअरबॉक्सखाली बसण्यापेक्षा मी ज्याचे दोष कळलेत त्याच्याखाली बसेन.

आणि हँगरमध्ये काय चालतं ते ऐका. अवजारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असते. काम संपलं की पाना आपल्या आकृतीवर परत. एक आकृती रिकामी दिसली तर ते यंत्र उडत नाही, मग कुणीही अधिकारी दारात उभा असो. एकदा एक छोटा स्क्रूड्रायव्हर सापडेना. संध्याकाळी सातपासून पहाटे दोनपर्यंत आम्ही पाच जण टॉर्च घेऊन एकेक झाकण उघडत होतो. सापडला तो एका पोराच्या डांगरीच्या आतल्या खिशात. कुणी त्याला रागावलं नाही. त्या रात्री कुणीतरी चहा केला, आम्ही पुन्हा सगळी झाकणं बंद केली, प्रत्येक नटाची लॉकिंग वायर नव्यानं पिळली आणि नटावरून पत्र्यावर लाल रंगाची रेघ ओढली. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. तुमच्या मुलाच्या यंत्राभोवतीही सकाळी कुणीतरी हातानं चाचपत अशीच रेघ शोधत फिरत असतो.

उमा_नाशिक

चक्रधरदादा, लाल रेघ लक्षात ठेवीन. आता फोन आला की विचारेन त्याला.

समीकरण

सगळे डोंगर आणि वजनाबद्दल बोलताय, पण युक्रेननंतर हल्ल्याच्या हेलिकॉप्टरांचाच काळ संपला नाही का? रशियाची कितीतरी केए-५२ हेलिकॉप्टरं पडली. जपाननं डिसेंबर २०२२ मध्ये आपली कोब्रा आणि अपाचे निवृत्त करून ती कामं ड्रोनकडे द्यायचं ठरवलं. आणि आपण त्यानंतर तीन वर्षांत १५६ ची मागणी नोंदवतो.

इतिहासाचा_नाद

समीकरण, केए-५२ ची गोष्ट अर्धी सांगितलीत. २०२२ मध्ये ती पुढे घुसून रॉकेटं टाकत होती, तेव्हा पडली. २०२३ च्या उन्हाळ्यात तीच हेलिकॉप्टरं मागे राहून लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं डागायला लागली, तेव्हा युक्रेनच्या चढाईला त्यांनी फार त्रास दिला. यंत्र तेच, वापर बदलला. आणि त्याच युद्धात हल्लेखोर ड्रोन हवेत पाडायला हेलिकॉप्टरंही वापरली जातात, दारातल्या मशीनगनपासून सगळं.

अटकेपार

शिवाय जपान म्हणजे समुद्र. आपल्याकडे पाच हजार मीटरवर वारा असा की हलकं ड्रोन पतंगासारखं भिरभिरतं, आणि बॅटरी थंडीत निम्म्यावर येते. ड्रोन हवंतच, पण एकाच्या जागी दुसरं असा हिशोब इथे बसत नाही. (प्रचंडच्या बाजूनं मी बोलतोय, नोंद घ्या.)

समीकरण

अटकेपार, नोंद घेतली. लांबून मारण्याचा मुद्दा पटला. म्हणजे सगळं पुन्हा रणदुंदुभींच्या क्षेपणास्त्रापाशीच येतं.

रणदुंदुभी

तिथेच येतं. मला हे हेलिकॉप्टर आवडतं म्हणूनच मी चिडून लिहितो. २०२० मध्ये लडाखमध्ये तणाव असताना, अजून दलात रीतसर दाखलही न झालेली दोन प्रचंड लेहला तैनात केली होती. अशा वेळी यंत्र बोलावलं जातं म्हणजे त्याची गरज किती खरी आहे बघा. त्या वैमानिकांच्या पंखांखाली हेलिना असायला हवं होतं.

गिरीवाट

दोन दिवस धाग्यावर येता आलं नाही, आल्यावर एका बैठकीत सगळं वाचलं. उशीर आणि अपाचे या दोन्हींची उत्तरं मिळाली. तिसरा प्रश्न मात्र सगळ्यांनी बाजूला ठेवलाय. चक्रधरकाका, तुम्हीच सांगा. तोलोलिंगवर प्रचंड असतं, तर?

चक्रधर

मुद्दाम बाजूला ठेवला होता, गिरीवाट. त्या चौघांच्या वयाची पोरं माझ्या हाताखाली होती, त्यामुळे 'असतं तर' असं सहज लिहवत नाही. पण विचारलंत तर लिहितो.

पहिली गोष्ट, ते वर लढू शकलं असतं. चढताना, वळताना हातात थोडी ताकद शिल्लक राहिली असती, आणि निसटायला तीच लागते. दुसरी, त्या दिवशी पाडल्या गेलेल्या एमआय-१७ वर क्षेपणास्त्राला चकवणारे फ्लेअर नव्हते. प्रचंडमध्ये क्षेपणास्त्र येतंय हे सांगणारी यंत्रणा आहे, फ्लेअर आपोआप सुटतात, इंजिनाचा गरम झोत थंड करून सोडला जातो. तिसरी, तोफ वैमानिकाच्या शिरस्त्राणाला जोडलेली. तो बघेल तिकडे नळी वळते. अख्खं हेलिकॉप्टर लक्ष्याकडे रोखून सरळ रेषेत जायची गरज नाही.

पण रॉकेट आणि तोफ वापरायला जवळ जावंच लागतं, आणि स्टिंगरचा पल्ला साडेचार किलोमीटरच्या आसपास. म्हणजे प्रचंडही त्याच्या टप्प्यात आलं असतं. सात किलोमीटरवरून मारणारं काही हातात असतं तरच ते टप्प्याबाहेर राहिलं असतं. तेव्हा माझं उत्तर असं: त्या चौघांना परतायची खरी संधी मिळाली असती. तोलोलिंग मात्र त्यानं घेतलं नसतं. ते १३ जूनला दुसऱ्या राजपुताना रायफल्सच्या जवानांनी तोफखान्याच्या आधारावर, पायांनी चढून घेतलं. हेलिकॉप्टरनं त्यांच्या वाटेतले काही बंकर कमी केले असते, एवढंच, आणि तेवढंही कमी नाही.

मैत्रेयी_क

काका, एक भर घालते. लष्कराचं पहिलं प्रचंडचं स्क्वाड्रन, ३५१, जून २०२२ मध्ये उभं राहिलं आणि नंतर आसामात मिसामारीला गेलं. म्हणजे अरुणाचलच्या डोंगरांसाठी. तिथेही पायी चढणारा जवानच आहे. त्याच्या डोक्यावर, त्याच्याच उंचीवर काहीतरी असावं, यासाठी हे सगळं.

गिरीवाट

मनापासून आभार. पुढच्या वर्षी आईबाबांना घेऊन द्रासला जाणार आहे. स्मारकाच्या भिंतीवरची नावं गेल्या वेळी नुसती वाचत गेलो होतो. या वेळी त्या चौघांच्या नावांपाशी थांबेन.

उमा_नाशिक

गिरीवाट, माझ्या वतीनंही तिथे एक फूल ठेवा. आणि चक्रधरदादा, काल फोन आला होता. लाल रेघेबद्दल विचारलं तर हसला, म्हणाला, "आई, तुला हे कुणी सांगितलं? ती मी स्वतः बघतो रोज."